शेंगेन व्हिसाचा फोटो: सांगलीच्या स्टुडिओत काय सांगायचं आणि फूटपट्टीनं काय मोजायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावजवळचं द्राक्षबागायतदार कुटुंब. वडील, आई आणि मुलगा फेब्रुवारीत बर्लिनच्या फ्रूट लॉजिस्टिका या फळव्यापाराच्या प्रदर्शनाला जाणार. अर्ज जर्मनीचा, म्हणजे शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत एकाच व्हिसावर फिरता येतं तो), कागदपत्रं पुण्याच्या व्हिसा केंद्रावर द्यायची. सांगलीतल्या एका स्टुडिओतून 'पासपोर्ट साईज' म्हणून प्रत्येकाच्या आठ कॉपी आणल्या. मागे फिकट निळा रंग, वडिलांच्या अंगावर कॉम्प्युटरवर चढवलेला काळा कोट, आईच्या डोक्यावर पदर. प्रश्न विचारणाऱ्या मुलानं स्वतःच्या फोटोत हनुवटी ते माथा २७ मिलिमीटर मोजलेत. एजंट म्हणतो चेहरा ऐंशी टक्के पाहिजे, स्टुडिओवाले म्हणतात हाच फोटो सगळीकडे चालतो. हे फोटो चालतील का, आणि नसतील चालत तर घरी मोबाईलवर काढता येतील का?

आधी थेट उत्तर. वडिलांचा फोटो चालणार नाही, कारण कोट. आईचा पदर मागे घेऊन पुन्हा काढावा लागेल. तुमचा स्वतःचा दिसायला ठीक असेल, पण तुम्ही मोजून दिलेलं हनुवटीपासून माथ्यापर्यंतचं २७ मिलिमीटर हे माप जर्मनीला कमी पडतं. तेव्हा चोवीसच्या चोवीस कॉपी बँकेच्या आणि सोसायटीच्या कामासाठी ठेवून द्या. घरी मोबाईलवर फोटो काढता येतो आणि चांगला येतो; छपाई मात्र स्टुडिओतच करून घ्या.

हे फोटो क्लिक होताना फारसे बिघडत नाहीत. बिघडतात ते त्यानंतरच्या दहा मिनिटांत, क्रॉप करताना, 'फिनिशिंग' करताना आणि प्रिंट मारताना. त्यामुळे स्टुडिओत खुर्चीवर ताठ बसण्याइतकंच ऑपरेटरच्या मागे उभं राहून स्क्रीन बघणं महत्त्वाचं आहे.

मापापासून सुरुवात करू. कागदाचं माप ३५ × ४५ मिलिमीटर. हे प्रत्येक स्टुडिओला पाठ असतं. अडचण आतल्या चेहऱ्याच्या मापाची आहे. जर्मनीला हनुवटीच्या टोकापासून डोक्याच्या माथ्यापर्यंत ३२ ते ३६ मिलिमीटर लागतात. ४५ पैकी ३२ म्हणजे ७१ टक्के आणि ३६ म्हणजे बरोबर ८०. एजंटचे ऐंशी टक्के इथून आले. पण ती वरची हद्द आहे, आणि उंचीची आहे, क्षेत्रफळाची नव्हे. 'ऐंशी टक्के चेहरा' एवढंच ऐकलेला ऑपरेटर इतका घट्ट क्रॉप करतो की केस वरून कापले जातात आणि कान कडेला टेकतात. तोही फोटो काउंटरवरून परत येतो.

मग तुमचे २७ मिलिमीटर कसे आले? स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर पासपोर्ट साईजची एक तयार चौकट असते. ती कॉलेजचे अर्ज, परीक्षेचे फॉर्म, बँकेची कामं यांच्यासाठी बसवलेली. त्यात शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत छाती दिसते, चेहरा मधोमध आणि लहान. आपल्याकडच्या कामांना ते पुरतं, त्यामुळे ती चौकट बदलायची वेळ ऑपरेटरवर येत नाही. तुम्ही फक्त 'व्हिसाचा फोटो' म्हणालात तर तो पुन्हा तीच चौकट टाकेल. किंवा अमेरिकेची टाकेल, दोन इंच बाय दोन इंच, चौकोनी. व्हिसा म्हटलं की पुष्कळांच्या डोक्यात आधी अमेरिका येते.

म्हणून शब्दांऐवजी आकडे द्या. फाइल ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ४१३ × ५३१ पिक्सेल. त्यात हनुवटी ते माथा ३९६ पिक्सेल, माथ्याच्या वर ५० आणि हनुवटीच्या खाली ८५. बेरीज ५३१ होते. छापल्यावर चेहरा साडेतेहतीस मिलिमीटर येतो, वर साधारण चार मिलिमीटर जागा, खाली सात. साडेतेहतीसच का, ते पुढे छपाईत कळेल. हे आकडे मोबाईलवर न दाखवता चिठ्ठीवर लिहून द्या, म्हणजे ऑपरेटर ती कीबोर्डशेजारी ठेवून काम करेल.

माथा म्हणजे कवटीचा वरचा भाग. केसांचं टोक नव्हे. घनदाट कुरळे केस असतील किंवा अंबाडा वर बांधला असेल तर दोन्हींत आठ-दहा मिलिमीटरचा फरक पडू शकतो. मोबाईलवरची फोटो कापणारी अॅप्स इथेच चुकतात. ती केसांचा वरचा काठ धरून मोजतात, आणि भरगच्च केसांच्या माणसाचा चेहरा लहान करून ठेवतात. केस बसवून घ्या, अंबाडा मागे मानेवर घ्या. केस चौकटीत पूर्ण दिसले पाहिजेत, पण त्यासाठी चेहरा लहान करायचा नाही.

आता एक गोष्ट, जी द्राक्षवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. बहुतेक शेंगेन देशांचं कागदाचं माप एकच, पण चेहऱ्याचं माप एकच नाही. नेदरलँड्सच्या फोटोनियमांत मोठ्या माणसाचा चेहरा हनुवटी ते माथा २६ ते ३० मिलिमीटर लागतो. म्हणजे तुमचा २७ वाला फोटो जर्मनीला लहान पडतो आणि त्या देशाच्या मापात बसतो. आपला माल रॉटरडॅमला उतरतो म्हणून पुढच्या वर्षी अर्ज नेदरलँड्सचा असेल, तर जर्मनीसाठी काढलेल्या उरलेल्या कॉपी डोळे झाकून लावू नका. 'शेंगेन फोटो' असं एकच काहीतरी असतं हा समज सोडा आणि ज्या देशाचा अर्ज, त्या देशाची यादी उघडून बघा. मूळ फाइल मोठी ठेवली असेल तर एकाच फोटोतून दोन्ही मापं काढता येतात. त्यासाठी क्रॉप न केलेली फाइल स्टुडिओतून पेनड्राइव्हवर मागून घ्या. व्हॉट्सअॅपवर मागवलीत तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करतं आणि केसांचे, पापण्यांचे बारीक तपशील जातात.

पार्श्वभूमीचंही असंच आहे. फिकट निळ्या रंगामुळेच जर्मनीवाले फोटो नाकारतील असं नाही. त्यांना एकसारखी, फिकट आणि चेहऱ्या-केसांपासून वेगळी दिसणारी पार्श्वभूमी हवी असते, आणि फिकट राखाडी सगळ्यात सोयीची. फ्रान्सच्या ओळखपत्रांच्या फोटोनियमांत शुभ्र पांढरा तर वर्ज्यच आहे. फिकट निळा किंवा फिकट राखाडी चालतो. उलट काही देशांच्या याद्यांत पांढरा असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तिथे पांढराच. यादी मोघम असेल तर फिकट राखाडी घ्या. तुमच्या वडिलांचे केस पांढरे आणि अंगात पांढरा सदरा असेल तर राखाडीला पर्यायच नाही, कारण पांढऱ्यावर पांढरं गेलं की खांदे विरतात, केसांचा काठ दिसत नाही आणि हवेत तरंगणारं डोकं तेवढं उरतं. बहुधा म्हणूनच त्या स्टुडिओनं कोट चढवला असणार.

कोट चढवू नये याचं कारण नियमावलीत शोधायला नको, फोटोतच दिसतं. तयार कोटाला कॉलर आणि खांद्यांची स्वतःची एक रेषा असते. माणसाची मान त्यात बसवताना ऑपरेटर मान थोडी बारीक करतो, जबड्याखालची सावली पुसतो, कधी डोकं एक-दोन अंश सरळ करतो. हनुवटीची खरी कड तिथे हरवते, आणि मापाची सुरुवात तर हनुवटीच्या टोकापासून होते. फोटो मोठा करून हनुवटीखाली बघा. कॉलरचा काठ कात्रीनं कापल्यासारखा आणि मानेवर एकही सावली नाही असं दिसलं की ओळखा. अंगावर खरा कोट असेल तर काहीच हरकत नाही. गडद, एकरंगी, कॉलरवाला शर्ट त्याहून सोपा.

'फिनिशिंग'चा दुसरा प्रकार चेहऱ्यावरचा. वर्षानुवर्षं टोपी घालून रानात काम करणाऱ्याचं कपाळ उजळ आणि गाल रापलेले असतात, मध्ये एक स्पष्ट रेघ. ऑपरेटरला ती रेघ चूक वाटते आणि तो सगळा चेहरा एका रंगाचा करतो, जाता जाता डोळ्यांखालची वर्तुळं आणि कपाळावरची जुनी खूणही पुसतो. त्याच्या दृष्टीनं त्यानं गिऱ्हाइकाला खूश केलं. पण हा फोटो स्कॅन होऊन व्हिसाच्या मध्यवर्ती माहितीप्रणालीत जातो, तिथे पाच वर्षं राहतो, आणि विमानतळावर समोर उभ्या माणसाशी ताडला जातो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर नवी प्रवेश-निर्गमन नोंदणी टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे, तीतही सीमेवर चेहऱ्याचा फोटो घेतात. तीळ, व्रण, रापलेपणा, सुरकुत्या, सगळं राहू द्या. ऑपरेटरला एकच वाक्य सांगा: 'क्रॉप करा, उजेड नीट करा, चेहऱ्याला हात लावू नका.' एक गोष्ट स्वतः तपासा, फोटो उलटा तर झालेला नाही ना. डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे दिसला तर आरशासारखा फिरवलाय. सेल्फी कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोत हे पुष्कळदा होतं.

एआयवर चालणारी अॅप्स तर अजिबात नकोत. ती पार्श्वभूमी बदलता बदलता कानाची पाळी आणि कपाळावरच्या बारीक केसांचा काठ खातात, आणि काही अॅप्स चेहराच नव्यानं रंगवून देतात. आईवडिलांनाही सहज लक्षात येणार नाही इतका फरक असतो, पण यंत्राला तो दिसतो.

आता छपाई, आणि साडेतेहतीस मिलिमीटरचं कोडं. चार बाय सहा इंचाच्या कागदावर ३५ × ४५ चे आठ फोटो बसतात, आडवे चार आणि उभे दोन. स्टुडिओत हा कागद सहसा 'बॉर्डरलेस' छापतात, म्हणजे कडेला पांढरी पट्टी न ठेवता. कागद आत सरकताना जरा तिरका झाला तरी पांढरी कड दिसू नये, म्हणून प्रिंटर अशा वेळी चित्र आपणहून थोडं मोठं करतो. ऑपरेटरच्या स्क्रीनवर सगळं बरोबर असतं आणि कागदावर चित्र दोन-तीन टक्क्यांनी फुगलेलं निघतं. मग कटरनं बरोबर ३५ × ४५ कापलं की कागदाचं माप जुळतं, पण आतला चेहरा मोठा झालेला असतो. फाइलमध्ये साडेपस्तीस मिलिमीटर ठेवले असतील तर तीन टक्क्यांनी ते साडेछत्तीस होतात, हद्दीबाहेर. साडेतेहतीसचे साडेचौतीस होतात आणि फोटो वाचतो. ही मधली जागा प्रिंटरसाठी सोडलेली आहे.

ही चूक पकडायची युक्ती सोपी. कागद कापण्याआधी आडव्या चार फोटोंच्या ओळीवर फूटपट्टी ठेवा. चारही एकमेकांना चिकटून असतील तर पहिल्याच्या डाव्या काठापासून चौथ्याच्या उजव्या काठापर्यंत बरोबर १४० मिलिमीटर यायला हवेत. १४३-१४४ आले की फुगलंय. मध्ये फट सोडली असेल तर एकाच फोटोचे दोन्ही काठ मोजा, पण एका फोटोवर अर्धा-एक मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही, चारांवर लगेच कळतो. उपाय म्हणजे 'बॉर्डरलेस' बंद करून शंभर टक्के आकारात, 'फिट टू पेज' काढून छापायचं. कडेला पांढरी पट्टी राहिली तरी बिघडत नाही, ती कापलीच जाते.

कागद चकचकीत किंवा मऊ मॅट, दोन्ही चालतात. जाळीदार पोताचा, कापडासारखा दिसणारा कागद नको. स्कॅन करताना त्याची जाळी चेहऱ्यावर उमटते. वरून प्लॅस्टिकचा पापुद्रा नको. इंकजेटवर छापला असेल तर शाई वाळेपर्यंत कापू नका आणि एकावर एक ठेवू नका. घरच्या प्रिंटरवर साध्या कागदावर छापलेल्या फोटोत शाईचे ठिपके भिंगाशिवायही दिसतात, म्हणून सुरुवातीलाच छपाई स्टुडिओत करा म्हटलं.

कापताना दोन गोष्टी. काही स्टुडिओ प्रत्येक फोटोभोवती बारीक काळी रेघ छापतात, कापायला सोपं जावं म्हणून. ती रेघ कापल्यावर फोटोवर राहता कामा नये. आणि रेघेच्या आतून कापलं की फोटो ३३ × ४३ चा होतो. कोपरे गोल करणारा कटर असेल तर तो नको, कोपरे चौकोनीच हवेत.

घरी काढायचा तर असा. मागे पांढरी किंवा फिकट राखाडी भिंत. भिंत गुलाबी किंवा हिरवी असेल तर तिचा रंग गालावर आणि मानेवर उतरतो, तेव्हा स्टेशनरीच्या दुकानातून फिकट राखाडी ड्रॉइंग पेपरची मोठी शीट आणून चिकटवा. चादर लावू नका, चुण्या दिसतात. माणूस भिंतीपासून किमान तीन फूट पुढे. चिकटून उभा राहिला की कानामागे काळी सावली पडते, आणि फोटो नाकारला जाण्याचं ते एक ठरलेलं कारण आहे. मोबाईल माणसापासून पाच-सहा फुटांवर, डोळ्यांच्या उंचीवर, मागचा कॅमेरा, झूम दोनपट. जवळून काढलं की नाक मोठं दिसतं, कान मागे जातात, चेहरा निमुळता होतो; हात लांब करून काढलेला सेल्फी याच कारणानं बाद. मोबाईल हातात धरण्यापेक्षा खुर्चीवर डबे रचून टेकवा. उंची चुकली तर हनुवटी एकतर आत जाते किंवा वर येते, आणि वर आलेल्या हनुवटीत मग मापही खोटं येतं.

इतकं झालं तर मागचा साधारण दीड फूट उंच आणि सव्वा फूट रुंद भाग चौकटीत येतो, म्हणून एक मोठी शीट पुरते. ती बरोबर डोक्यामागे आहे एवढं बघा.

उजेड खिडकीचा. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, जिथून ऊन थेट आत येत नाही अशी खिडकी निवडा आणि माणसाला तिच्याकडे तोंड करून उभं करा. फोटो काढणारा खिडकीच्या मध्ये येणार नाही असा एका बाजूला. खोलीतले सगळे दिवे बंद करा. ट्यूबलाइट चालू राहिली तर अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा पिवळट येतो, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. नाकाखाली आणि डोळ्यांखाली सावली पडत असेल तर थर्माकोलची पांढरी शीट छातीच्या उंचीवर, चौकटीच्या जरा खाली आडवी धरा. सावली भरून निघते. कपाळावरचा घाम आणि तेल कोरड्या रुमालानं टिपा, पावडर लावू नका. फ्लॅश बंद, ब्यूटी बंद, पोर्ट्रेट मोड बंद. पोर्ट्रेट मोडमध्ये मोबाईल पार्श्वभूमी धूसर करतो आणि कानाचा काठही त्यात विरघळवतो. जरा लांबून, भरपूर जागा सोडून दहा-बारा फोटो काढा, क्रॉप नंतर.

चेहरा सरळ, दोन्ही डोळे पूर्ण उघडे, ओठ मिटलेले, हसू नको. हसल्यावर गाल वर जातात, डोळे बारीक होतात आणि चेहऱ्याची मापं बदलतात. वडीलधाऱ्यांना 'हसू नका' म्हटलं की ते एकदम गंभीर होऊन भुवया आखडतात. त्याऐवजी डोळे मिटायला सांगा, तीन मोजा, उघडले की लगेच क्लिक. पापण्या त्या क्षणी पूर्ण वर असतात.

चष्मा नियमानं चालतो, डोळे स्वच्छ दिसत असतील आणि काचेवर चकाकी नसेल तर. काढूनच टाका. जाड फ्रेम भुवईवर येते, आणि रंग बदलणाऱ्या काचा खिडकीशी आपोआप काळवंडतात.

पदर. धार्मिक कारणानं डोकं झाकायला परवानगी आहे, पण हनुवटीपासून कपाळापर्यंत आणि दोन्ही गालांच्या कडा उघड्या दिसायला हव्यात, चेहऱ्यावर सावली नको. आईंनी पदर फक्त रीत म्हणून घेतला असेल तर फोटोपुरता खांद्यावर घ्या, प्रश्नच मिटला. घ्यायचाच असेल तर भांग दिसेपर्यंत मागे, कानामागून खाली. साडी गडद रंगाची, जरीचा काठ गळ्यापासून लांब. जरीवरून उजेड परततो. टिकली साधी, चमकणाऱ्या खड्याची नको. चमकी चालेल, मोठी नथ ओठावर येत असेल तर काढा. वडिलांची टोपी किंवा फेटा काढायचा, आणि अष्टगंधाचा पट्टा कपाळावर असेल तर तो पुसून. कपाळही चेहऱ्याचाच भाग आहे.

तुमच्या प्रश्नात नाही, पण हनिमूनला स्वित्झर्लंडला जाणाऱ्या जोडप्यांचं एक सांगायला हवं. हळद लागल्यापासून आठवडाभरात काढलेल्या फोटोत चेहरा आणि मान पिवळी येते, कॅमेरा ती सुधारायला जातो आणि पार्श्वभूमी निळी करून ठेवतो. फोटो लग्नाआधी काढा. आणि केंद्रावर दहा बोटांचे ठसे घेतात, तिथे बोटांच्या टोकांवर मेंदी असेल तर अडचण येते. तुमच्या घरीही एक गोष्ट बघा: ऑक्टोबर छाटणीत कात्रीनं बोटांना चिरा पडल्या असतील तर त्या भरून आल्यावरची तारीख घ्या. मागच्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिलेले असतील तर ते पुन्हा वापरता येतात, फोटो मात्र प्रत्येक अर्जाला लागतोच. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत.

लहान मूल असेल तर त्याला पांढऱ्या चादरीवर उताणं झोपवून वरून काढा. डोळे उघडे, तोंडात चोखणी नको, आईचा हात चौकटीत नको. लहान मुलांसाठी मापात सवलत असते.

फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा. पासपोर्टवर किंवा जुन्या व्हिसावर तोच फोटो असेल आणि तो पासपोर्ट किंवा व्हिसा त्याहून जुना असेल तर तारीख सांगायची गरजच पडत नाही, समोरच्याला दिसतं. दाढी काढली किंवा वाढवली असेल तर नवा काढा. कॉपी किती हे यादीत असतं, बहुधा दोन. एक अर्जावरच्या चौकटीत ग्लूस्टिकनं चिकटवायची. फेविकोल ओला असतो, फोटो फुगतो. स्टेपल करू नका. फोटोवर सही करू नका. बँकेत आणि परीक्षेच्या अर्जांवर अर्धी सही फोटोवर, अर्धी कागदावर करायची सवय आपल्याला इतकी आहे की हात आपोआप जातो. साक्षांकनाचा शिक्काही नको. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलनं, बॉलपेनचा ओरखडा पुढच्या बाजूला उमटतो.

फोटो चुकला तर काय होतं, याची भीती मात्र बाळगू नका. नुसत्या फोटोमुळे व्हिसा नाकारला जात नाही. युरोपच्या व्हिसा नियमांत फोटो ही अर्ज दाखल करून घेण्याची अट आहे, फी आणि बोटांच्या ठशांबरोबरची. फोटो बसला नाही तर काउंटरवरचा माणूस नवा मागतो, आणि केंद्रातच पैसे भरून फोटो काढायची सोय असते. एजंट याच भरवशावर 'तिथे बघू' म्हणतो. पण सांगलीहून पहाटे निघून पुण्यात पोचल्यावर, नंबरची वेळ जवळ आलेली असताना घामेजल्या चेहऱ्यानं काढलेला फोटो पुढची पाच वर्षं प्रणालीत राहणार. तिघांच्या चार-चार कॉपी, नाव लिहिलेल्या वेगवेगळ्या कडक लिफाफ्यांत, फाइलच्या मध्ये ठेवा. शर्टाच्या खिशात ठेवलेला फोटो पुण्यापर्यंत वाकतो, आणि वाकलेल्या फोटोची घडी स्कॅनरमध्ये नाकावर पांढरी रेघ होऊन दिसते.